तुम्ही विचारलंत म्हणून: घंटेची बाजू

‘व्यवस्था आणि स्वातंत्र्य यांच्या झगड्यावर इतक्या कथा लिहिता, मग तुम्ही स्वतः कुणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न वाचक मला वारंवार विचारतात. माणूस म्हणून माझं उत्तर एका शब्दाचं आहे: स्वातंत्र्याच्या. पण लिहायला बसलो की पहिले कित्येक दिवस मी व्यवस्थेचं वकीलपत्र घेतो, आणि ते मनापासून घेतो.

ही सवय मला एका फसलेल्या दीर्घकथेने लावली. तिच्यात मी घंटेवर चालणारं गाव रचलं होतं. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की दिवे मालवायचे. घंटा वाजवणारा म्हातारा दुष्ट, त्याच्याविरुद्ध उभी राहणारी मुलगी शूर. लिहून झालेलं वाचलं तर सगळं निर्जीव. मुलगी जिंकणार हे पहिल्याच पानावर ठरलेलं, कारण तिला अडवेल असं समोर काही नव्हतंच. कित्येक महिन्यांनी मनात आलं, ही घंटा मुळात सुरू का झाली असेल? मग म्हाताऱ्याचं पूर्वायुष्य दिसू लागलं. एका रात्री पूर आला होता. कोण घरात आहे, कोण नदीकाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं वाहून गेली, त्यात त्याची बायकोही. तेव्हापासून तो घंटा वाजवतो आणि घराघरातून पेटणारे दिवे मोजतो. आता त्या मुलीला दोर कापायचा तर या माणसासमोर उभं राहून कापावा लागणार होता. तिथे कथेत जीव आला.

येवगेनी झाम्यातिन यांची १९२०-२१ मध्ये लिहिलेली ‘आम्ही’ ही रशियन कादंबरी मला याचसाठी मोठी वाटते. तिच्यातल्या राज्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरं काचेची आहेत. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचे अभियंते होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिमभेदक जहाजांच्या बांधणीसाठी ते इंग्लंडमध्ये राहिले होते. सगळं मापात बसण्यातलं सुख त्यांच्या रोजच्या कामातलं असणार. म्हणून त्यांचा निवेदक, डी-५०३ क्रमांकाचा गणितज्ञ, त्या राज्यावर खरंखुरं प्रेम करतो आणि त्याच्यासोबत वाचकालाही काही पानं ती नीटनेटकी दुनिया हवीशी वाटते. शाळेपासून त्याला छळणारी एकच गोष्ट आहे: उणे एकचं वर्गमूळ. कशातच न बसणारी ती राशी. पुढे तो प्रेमात पडतो, तेव्हा तसंच काहीतरी त्याच्या आत वाढू लागतं. शेवटी शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकली जाते आणि प्रेयसीचा छळ तो शांतपणे बघत बसतो. ते शेवटचं पान भेदून जातं, कारण ती शांतता आपल्यालाही सुरुवातीला आवडलेली असते. ही कादंबरी आधी इंग्रजी अनुवादात आली, १९२४ मध्ये. सोव्हिएत संघात छापली जायला १९८८ उजाडलं.

उलट्या बाजूनेही हेच. अर्सुला ले ग्विन यांच्या १९७४ च्या ‘द डिसपझेस्ड’मध्ये सरकार आणि कायदे झुगारून वसवलेलं एक जग आहे. तिथेही शेवेक या भौतिकशास्त्रज्ञाची वाट अडते, ती चार लोकांच्या नाराजीपाशी. स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणाऱ्याने स्वातंत्र्याची अशी झडती घेतलेली मला फार मोलाची वाटते.

पण या विषयावर मी पुन्हा पुन्हा वाचतो ते सोफोक्लीजचं ‘अँटिगनी’ हे ग्रीक नाटक, इसवी सन पूर्व ४४१ च्या सुमाराचं. बहुतेकांना त्यातली अँटिगनी आठवते, राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी. मी ती आज्ञा काढणाऱ्या राजाकडे, क्रेऑनकडे बघतो. थीब्ज नगरी नुकतीच युद्धातून वाचली आहे. ज्याच्या अंत्यसंस्कारावर तो बंदी घालतो तो त्याचा भाचाच, पण त्याच नगरीवर फौज घेऊन चालून आलेला. नगरी टिकली तरच नाती टिकतात, हे क्रेऑनचं म्हणणं पोकळ नाही. त्याचा मुलगा हायमन त्याला समजावतो की पुरात वाकणारी झाडं फांद्यांसकट वाचतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. क्रेऑन ऐकत नाही, अँटिगनीला जिवंतपणी गुहेत कोंडतो. ऐकतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि तेव्हाही वडीलधारे त्याला सांगतात, आधी त्या मुलीला गुहेतून सोडव, मग मृताला थडगं दे. क्रेऑन निघतो, पण आधी जातो प्रेताकडे. त्याला स्नान घालतो, अग्नी देतो, वर मातीचा उंच ढिगारा रचतो. सगळं विधिवत, काहीही न वगळता. मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो.