‘बीड’मधला ई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा कोणाविषयी लिहायचे हे ठरवावे लागलेच नाही. सर्वच गुरुजनांचे ऋण मोठे आहे. पण इंग्रजी कान देऊन ऐकायला शिकवले ते आपल्या इंग्रजीच्या सरांनी, आणि माझे पुढचे सारे आयुष्य त्या शिकवणुकीवर उभे राहिले.

त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. सर हैदराबादला, १९५८ साली स्थापन झालेल्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये प्रशिक्षण घेऊन आले होते. ब्रिटिश प्रमाण उच्चारात २० स्वर मानले जातात आणि ते लिहायला अक्षरे पाचच, तेव्हा स्पेलिंगवर विसंबू नका, हे ते प्रारंभीच बजावत. ‘पेन’ आणि ‘पॅन’ म्हणताना ते हनुवटीखाली तळहात धरायला लावत. ‘पॅन’ला हात दाबला गेला नाही, तर शब्द पुन्हा म्हणावा लागे.

आठवीतला एक तास मात्र विशेष आठवतो. फळ्यावर ‘बिड’, ‘बीट’ आणि मणी या अर्थाचा ‘बीड’ असे तीन शब्द होते. गेवराईकडून आलेला माझा बाकावरचा मित्र उठून म्हणाला, “सर, ‘बीड’मधला ई लांब आहे हे पटतं, तो आमच्या जिल्ह्याच्या नावातच आहे, पण ‘बीट’मधला ई तर ‘बिड’मधल्या इएवढाच आखूड वाटतो.” सरांचा चेहरा उजळला. त्याचे कान खरे आहेत, असे सांगून त्यांनी त्याला पुढे बोलावले. ट, क, प यांसारख्या अघोष व्यंजनापूर्वी इंग्रजीतला दीर्घ स्वर आखडतो, म्हणून नुसत्या लांबीवरून हे स्वर ओळखता येत नाहीत. दीर्घ ई म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूच्या अगदी जवळ जातो आणि ओठ फाकतात, तर ऱ्हस्व इ म्हणताना जीभ किंचित खाली आणि सैल राहते. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसे पाळत नाही; त्यामुळे हा भेद कानाला मुद्दाम शिकवावा लागतो, असे सर म्हणाले. मग त्यांनी खिशातला लहानसा आरसा मित्राच्या हाती दिला. ‘बीट’ला त्याचे ओठ ताणले गेले, ‘बिट’ला सैल पडले. घंटा झाल्यावरही सर थांबले आणि आरसा शेवटच्या बाकापर्यंत फिरला.

आज मी नांदेडला भावी शिक्षकांना उच्चारशास्त्र शिकवतो. मोबाइल हवा तो शब्द हव्या तितक्या वेळा ऐकवतो, ही मोठी सोय आहे. परंतु ज्या कानाला ‘पुल’ आणि ‘पूल’ एकच वाटतात, त्याला ते कितीही ऐकवले तरी एकच वाटत राहतात. तेथे जीभ कुठे न्यायची हे समोर उभे राहून दाखवणारा शिक्षकच लागतो. लेखी परीक्षेत उच्चाराला गुण नाहीत, म्हणून ते शिकवणेच मागे पडत चालले आहे, याचे मला मनापासून दुःख होते. सरांच्या नावे शाळेत उच्चाराचा वर्ग सुरू व्हावा आणि तो घेण्यासाठी दर महिन्याला नांदेडहून येण्याची मला परवानगी मिळावी, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे.