मॅडम, गेमिंगचा कीबोर्ड घेऊ का?

धुळ्यात टायपिंग क्लास चालवते म्हटल्यावर कीबोर्डाबद्दलचे प्रश्न माझ्याकडेच येणार. पूर्वी प्रश्न असायचा, ‘मॅडम, मराठी तीस (म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा) किती महिन्यांत निघेल?’ आता बारावी झालेली पोरं फोन पुढे करतात. त्यात सात रंगांत लखलखणारा एखादा कीबोर्ड असतो. ‘हा गेमिंगचा घेऊ, की साधा मेकॅनिकल?’ सोबत वडील आलेले असतील तर त्यांचा प्रश्न वेगळा: ‘टायपिंग व्हई ना यानावर?’

माझं उत्तर आता पाठ झालंय. टायपिंगवर पोट किंवा परीक्षा अवलंबून असेल तर साधा मेकॅनिकल घ्या. गेमिंगचा घ्यायचाच असेल तर त्याला एकच धड कारण आहे, ते पुढे येईलच. दिवे हे ते कारण नव्हे.

पण त्याआधी एक भानगड निस्तरायला हवी. आठशे-हजार रुपयांत ‘गेमिंग कीबोर्ड’ म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं मेकॅनिकल नसतंच. खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ असं छापलेलं असतं, आणि त्यातला ‘फील’ कोणी वाचत नाही. ओळखायचं कसं? एक बटण सरळ वर ओढून काढा. खाली रबराची पांढरट टोपी दिसली की समजायचं, बँकेच्या काउंटरवर असतो तोच मेंब्रेन कीबोर्ड आहे, फक्त पोटात दिवे लावलेत. काही कंपन्या रबराच्या वर अधिकच्या चिन्हाचा प्लास्टिकचा दांडा बसवतात, म्हणजे वरून पाहणारा फसतो. तेव्हा दांड्यावर जाऊ नका, त्याच्या खाली बघा. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबीसारखा स्विच असेल तरच तो मेकॅनिकल. तसा खरा मेकॅनिकल साधारण दोन-अडीच हजारांपासून मिळतो.

आणि एकदा खरा मेकॅनिकल निघाला की आतलं सामान गेमिंगवाल्यात आणि साध्यात पुष्कळदा एकच असतं. चेरी या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचा स्विच काढला. त्याचं पेटंट संपल्यावर गॅटेरॉन, आउटेमू वगैरे चिनी कंपन्यांनी त्याच घडणीचे स्विच स्वस्तात आणले. बटण एकूण चार मिलिमीटर खाली जातं, अक्षर मात्र साधारण दोन मिलिमीटरवरच उमटतं. लाल स्विच विनाअडथळा खाली जातो, तपकिरीत मध्ये बोटाला हलकी खूण जाणवते, निळा टकटक वाजतो. गेमिंगवाल्यात बहुधा लाल असतो, किंवा १.२ मिलिमीटरवरच अक्षर उमटवणारा ‘स्पीड’ स्विच. शिकाऊ हाताला तो स्पीड स्विच अजिबात नको. बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतं, आणि परीक्षेत चुकांमुळे गुण कापले जातात.

मी स्वतः तपकिरी वापरते. वडिलांच्या वेळी क्लासात गोदरेजची आणि रेमिंग्टनची यंत्रं होती. तो खडखडाट ऐकून वाढल्यामुळे मला निळा आवडायला हवा होता. पण एका खोलीत दहा जण निळ्यावर बसले की मला माझाच आवाज ऐकू येत नाही.

आता वेग. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: १००० हर्ट्झ. नव्या महाग कीबोर्डांवर ८००० हर्ट्झ. म्हणजे काय, तर कीबोर्ड कंप्युटरला सेकंदाला किती वेळा खबर देतो. साधा १२५ हर्ट्झचा कीबोर्ड दर ८ मिलिसेकंदांनी खबर देतो, १००० वाला दर १ मिलिसेकंदाने. ऐकायला फरक केवढा! आता आपला हिशेब करू. मिनिटाला चाळीस शब्द, शब्दाला पाच ठोके धरले तर मिनिटाला दोनशे ठोके. दोन ठोक्यांत ३०० मिलिसेकंदांचं अंतर. तिथे सात मिलिसेकंद वाचवून करायचं काय? गेम खेळणाऱ्याच्याही बाबतीत साठ हर्ट्झचा मॉनिटर चित्र बदलतो दर १६.७ मिलिसेकंदांनी, आणि डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. घरी जुना साठचा मॉनिटर ठेवून ८००० हर्ट्झचा कीबोर्ड मागणाऱ्या पोराला मी हे कागदावर मांडून दाखवते. पोरगं गप्प बसतं, वडील खूश होतात.

शिवाय आपल्याकडचा बहुतेक खेळ चालतो फोनवर. बीजीएमआयसारखा फोनवरचा गेम खेळणाऱ्याला कीबोर्ड कशाला हवा, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मागच्या बॅचमधल्या एका मुलाने घरून स्वतःचा गेमिंग कीबोर्ड आणला. चांगला होता, खरा मेकॅनिकल, वजनदार. पण ‘मॅडम, मराठी लागतच नाही.’ आम्ही विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलतो. त्याने दाबून दाबून बटण खिळखिळं केलं, भाषा हलेना. सेटिंग तपासलं, मशीन बदलून पाहिलं. मग माझं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या एका बारीक दिव्याकडे गेलं. तो होता ‘गेम मोड’. खेळताना चुकून विंडोजचं बटण दाबलं जाऊन गेम खाली जाऊ नये म्हणून हा मोड ते बटणच बंद करून ठेवतो. फंक्शन आणि विंडोज एकत्र दाबलं, दिवा विझला, मराठी आली. (प्रत्येक कंपनीचं हे बटण वेगळं असतं, तेव्हा सोबतचा कागद फेकू नका. नाहीच सापडलं तर डावं आल्ट आणि शिफ्ट दाबून बघा.)

दुसरी अडचण अक्षरांची. इनस्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डावरची मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी, शिकणाऱ्याला सुरुवातीला बटणांवर मराठी स्टिकर लागतात. गेमिंग कीबोर्डात अक्षर पारदर्शक ठेवून खालून उजेड सोडलेला असतो. त्यावर स्टिकर चिकटवला की उजेड गेला, म्हणजे ज्याचे पैसे जास्त मोजले तेच झाकलं. आणि हे उजेडवाले कीकॅप, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, बहुतेक एबीएस प्लास्टिकचे असतात, घामाच्या बोटांनी काही महिन्यांत तेलकट चमकू लागतात. पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकचे कीकॅप खरखरीत राहतात. आमच्या उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बोटं घसरत नाहीत हा माझ्या लेखी दिव्यांपेक्षा मोठा गुण.

गंमत अशी की गेमवाल्यांची डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं आधी झिजतात, आणि इनस्क्रिप्टमध्ये तिथे बसल्यात ै, ो, े आणि पाय मोडायचं बटण. त्यातल्या डीवर, म्हणजे हलन्तावर, दोघांचाही सारखाच मार. मराठीत जोडाक्षरांशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही, त्यामुळे माझ्या क्लासातल्या प्रत्येक कीबोर्डावर डी आधी गुळगुळीत होतो.

स्विच किती टिकतो, हेही खोक्यावर असतं: पाच कोटी ठोके. हिशेब करून पाहिला. सहा तास सतत टायपिंग केलं तर दिवसाला बहात्तर हजार ठोके. त्यातले सात हजार एकाच बटणावर पडले असं धरलं आणि वर्षाचे तीनशे दिवस मोजले, तर एकवीस लाख. पाच कोटी व्हायला वीस वर्षांच्या वर लागतील. पण इतकं थांबतं कोण? खानदेशात कीबोर्ड ठोक्यांनी मरत नाही, धुळीने मरतो. दिवाळीनंतर कापसाचे तंतू, मार्चपासून वारा, वर पंखा. साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात तेव्हा अक्षर उमटतं. त्यांच्यामध्ये कचरा गेला की एका दाबात दोनदा टेकतात. ‘दावा’ लिहायला जावं तर ‘ददावा’ येतं. वकिलाचं काम असेल तर विचारूच नका.

हे दुहेरी ठोके गिळायला कीबोर्डातच काही मिलिसेकंदांची सूट ठेवलेली असते. वेगाच्या हव्यासाने ही सूट कमी केली, आणि गेमिंगवाले ती करतात, तर ‘ददावा’ लवकर दिसू लागतो. म्हणून मी घेते तो कीबोर्ड हॉट-स्वॅप असतो. स्विच खराब झाला की चिमट्याने उपटायचा, नवा दाबून बसवायचा, सोल्डरिंगचा डाग द्यायची गरज नाही. एक स्विच वीस-तीस रुपयांचा. बसवताना पिना वाकत नाहीत ना तेवढं पाहायचं.

आणि आता ते एक कारण. हॉल इफेक्टवाले, ज्यांना मॅग्नेटिक म्हणतात, ते कीबोर्ड गेमिंगसाठीच लोकप्रिय झाले. यात पट्ट्या टेकतच नाहीत. दांड्यात छोटं लोहचुंबक, खाली सेन्सर. बटण किती खाली गेलंय हे त्याला सतत कळतं. साध्या स्विचमध्ये बटण ठराविक उंचीपर्यंत वर आल्याशिवाय ते सुटलं असं धरत नाहीत. यात जरासं बोट उचललं की सुटलं, जरासं दाबलं की पुन्हा लागलं. याला रॅपिड ट्रिगर म्हणतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता थांबून गोळी झाडायची असते, तिथे याचा खरोखर फायदा होतो. या कीबोर्डांत उलटसुलट दिशांची बटणं आपोआप सांभाळणारी आणखी एक सोय आली होती, तेव्हा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ती वापरायला २०२४ साली बंदीच घातली गेली. म्हणजे ही नुसती जाहिरात नाही. पीसीवर मनापासून असे गेम खेळता, मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, तर घ्या, माझी ना नाही.

मला मोह होतो तो निराळ्या कारणाने. पट्ट्याच नाहीत म्हणजे धुळीने ‘ददावा’ व्हायचीही भीती नाही. घेतलात तर सॉफ्टवेअरमध्ये जाऊन अक्षर उमटायची खोली दीड-दोन मिलिमीटर करा. नाहीतर ०.१ वर ठेवून ए-एस-डी-एफवर बोटं टेकवली की आपोआप ो े ् ि अशी रांग लागते, आणि मग कीबोर्ड बिघडला म्हणून माझ्याकडे येता. किमतीचं म्हणाल तर क्लाससाठी एकदम दहा घ्यायला मला परवडत नाहीत, म्हणून तूर्त तपकिरीच.

आकाराचं थोडक्यात. साठ टक्क्यांचे छोटे कीबोर्ड दिसायला गोंडस, पण बाणांची बटणं नाहीत, आकड्यांचा गठ्ठा नाही. टॅलीवर बसणाऱ्याने आणि परीक्षेतल्या स्टेटमेंटचा, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याचा, सराव करणाऱ्याने पूर्ण आकाराचाच घ्यावा. वायर सुटी काढता येणारी असावी, कारण उंदीर आणि खुर्चीची चाकं धुळ्यातही आहेत.

आणि दुकानात बटण काढून दाखवायला नाही म्हणाले तर उठा. आग्रा रोडला दुकानं कमी नाहीत.