झाइवा: समाज जिंगपो, भाषा बर्मीच्या घरची

चीनच्या जिंगपो समाजाची २०१० च्या जनगणनेतली संख्या १,४७,८२८. यातले बहुतेक सगळे युन्नान प्रांतात, म्यानमारच्या सीमेला खेटून असलेल्या देहोंग या स्वायत्त विभागात राहतात. समाज जिंगपो, म्हणजे भाषाही जिंगपो असणार, असं आपण धरून चालतो आणि पहिली ठेच तिथेच लागते. यातले निम्म्याहून जास्त लोक झाइवा गटाचे आहेत आणि झाइवा भाषेचं नातं जिंगपोशी दूरचं, बर्मीशी मात्र सख्ख्या बहिणीचं आहे.

या विषयात शिरायचं तर आधी नावांचा गुंता सोडवावा लागतो. एकाच गटाला स्वतःचं एक नाव, जिंगफॉ लोकांनी (याच समाजातला, मूळ जिंगपो भाषा बोलणारा गट; त्या भाषेलाही पुढे जिंगफॉच म्हटलं आहे) दिलेलं दुसरं आणि चिनी कागदपत्रांतलं तिसरं. झाइवांना जिंगफॉ लोक ‘अत्सी’ म्हणतात. ‘ल्हाओवो’ म्हणजेच जुन्या इंग्रजी नोंदींतले ‘मारू’ आणि चिनी पुस्तकांतले ‘लांगसू’. ‘लाचिक’ कुठे ‘लाशी’ असतात, कुठे ‘लेची’. ‘बोला’ किंवा ‘पेला’ हा अगदी छोटा गट. हे चारही चीनमध्ये जिंगपोत मोजले जातात. त्याच घरातली आचांग भाषा बोलणाऱ्यांना मात्र वेगळा समाज म्हणून मान्यता आहे. म्यानमारमध्ये हीच मंडळी ‘काचिन’ या छत्रीखाली येतात आणि त्या छत्रीत रवांग आणि लिसूही असतात, म्हणजे गुंता आणखी वाढतो. म्हणून शोधताना नावाऐवजी तीन रोमन अक्षरांचा आंतरराष्ट्रीय भाषासंकेत वापरावा: झाइवा एटीबी, ल्हाओवो एमएचएक्स, लाचिक एलएसआय, बोला बीएक्सडी, आचांग एसीएन. जिंगफॉ केएसी. शब्दयादीवर नुसतं ‘जिंगपो’ लिहिलेलं असेल तर ती कुठल्या भाषेची, हे तपासल्याशिवाय एक शब्दही उचलू नये.

तपासायचं कसं? तीन शब्द पुरतात. विस्तव: झाइवात ‘म्यी’, बर्मीत ‘मी’, जिंगफॉत ‘वान’. घर: झाइवात ‘युम’, बर्मी लिखाणात ‘इम्’ (आजचा उच्चार ‘एइं’), जिंगफॉत ‘न्ता’. घोडा: झाइवात ‘म्यांग’, बर्मी लिखाणात ‘म्रङ्’ (आज ‘म्यिं’), जिंगफॉत ‘गुम्रा’. बर्मीची तुलना करताना नेहमी लिखाण घ्यावं, उच्चार नाही. बर्मी लिपीने जुने उच्चार जपून ठेवलेत, बोली पार पुढे निघून गेली आहे.

आकड्यांवर विसंबणं ही नवख्यांची नेहमीची चूक. तीनला झाइवात ‘सुम’ आणि जिंगफॉत ‘मसुम’, पाचला ‘ङो’ आणि ‘मङा’. झालं, जवळचं नातं सापडलं असं वाटतं. पण तिबेटी लिखाणातही तीन ‘ग्सुम’ आणि पाच ‘ल्ङ’ आहे. हे शब्द अख्ख्या तिबेटो-बर्मी कुळाचे. त्यावरून चुलत कोण नि सख्खं कोण ते कळत नाही. दुसरा धोका उसन्या शब्दांचा. शेकडो वर्षं शेजार असल्याने झाइवात जिंगफॉ शब्द भरपूर आलेत, विशेषतः पूजाविधींतले आणि चर्चमधले.

आता खरी गंमत घशाची. झाइवात शब्दाचा अर्थ बदलणारे तीन सूर आहेत: वरचा सपाट, वरून खाली उतरणारा आणि खालचा उतरता. त्यांच्या जोडीला प्रत्येक अक्षर घसा सैल सोडून म्हणायचं की आवळून, हा फरकही आहे. चिनी भाषातज्ज्ञ आवळलेल्या स्वराखाली रेघ ओढतात. देवनागरीत उतरवताना आपणही तेच करावं. विसर्ग किंवा हलन्त लावून भागत नाही, कारण झाइवात शेवटचा कंठ्य अटकाव ही निराळीच गोष्ट आहे.

मराठी माणसाला इथे एक सोय आहे आणि एक सापळा. बर्मीत नाकाला ‘ह्ना’ म्हणतात. ते आपल्याला ‘न्हाणं’मधल्या ‘न्ह’सारखं वाटतं, पण तसं नाही. गळ्यावर बोट ठेवून ‘न्हाणं’ म्हणा: कंप सुरुवातीपासून जाणवतो. बर्मी ‘ह्न’मध्ये आधी नाकातून नुसती हवा सुटते, कंप नंतर. आचांगमध्येही असेच अघोष अनुनासिक आहेत. झाइवात मात्र नाक ‘नो’, साधा ‘न’ आणि पुढचा स्वर घसा आवळून. म्हणजे बहिणींनी एकच जुना फरक वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळला आहे: दोघींनी व्यंजनात, तिसरीने स्वरात.

या फरकाचं काम काय, ते मराठीत चटकन समजतं. आपल्याकडे सुटणं-सोडणं, तुटणं-तोडणं अशा जोड्या आहेत. बर्मीत ‘ल्वत्’ म्हणजे सुटणं, ‘ह्ल्वत्’ म्हणजे सोडणं. ‘प्रत्’ तुटणं, ‘फ्रत्’ तोडणं (सगळी लिखित रूपं). आपण स्वर आणि व्यंजन बदलतो, ते सुरुवातीचा श्वास बदलतात. ‘क्रोक्’ म्हणजे भिणं आणि ‘ख्रोक्’ म्हणजे भिववणं. झाइवात यातलं भिणं ‘क्युʔ’ आणि भिववणंही ‘क्युʔ’च, पण आवळलेल्या घशाने. (ʔ म्हणजे तो कंठ्य अटकाव, त्याला देवनागरीत सोयीचं अक्षर नाही, म्हणून ही एक खूण उसनी.)

आता बर्मीतला सहा हा आकडा घ्या. तोही ‘ख्रोक्’, भिववण्याच्या क्रियापदाशी अक्षरशः सारखा. पण झाइवात सहा म्हणजे ‘ख्युʔ’, महाप्राण ‘ख’ घेऊन. बर्मीत जिथे एकच ‘ख’ दिसतो, तिथे झाइवात दोन वेगळे आवाज आहेत. म्हणजे बर्मीत दोन जुने आवाज मिसळून गेले आणि झाइवाने ते वेगळे ठेवले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आणि भाषातज्ज्ञ रॉबिन्स बर्लिंग यांनी १९६७ मध्ये अशाच जुळणीवरून या बहिणींच्या मूळ भाषेत कंठ्य अटकावाने सुरू होणाऱ्या व्यंजनांची आणखी एक मालिका मांडली. माझ्या मते झाइवा शिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: लाखमोलाचं जुनं लिखाण असलेली बर्मी जे विसरली, ते डोंगरातली, शतकानुशतकं लिपीविना राहिलेली बोली सांगते.

बर्लिंग यांनीच १९६६ मध्ये ल्हाओवोचं एक कोडं सोडवलं. नऊला बर्मीत ‘को’, झाइवात ‘कौ’, पण ल्हाओवोत त्याच शब्दाच्या शेवटी ‘क्’ लागतो. हा ‘क्’ फार जुना आणि बाकीच्यांनी गमावलेला, असं मानण्याचा मोह होतो. पण तो ठरावीक स्वरांनंतरच येतो, म्हणजे मागाहून चिकटलेला. याच माणसाने आपल्या मेघालयातल्या गारो भाषेवर आयुष्यभर काम केलं आणि १९८३ मध्ये गारो, बोडो आणि जिंगफॉ यांना एका गटात ठेवलं. अरुणाचल आणि आसामातले सिंगफो हे जिंगफॉंचेच भाऊबंद. म्हणजे जिंगफॉचे भाषिक नातलग आपल्या ईशान्येत आहेत आणि झाइवाचे म्यानमारमधल्या इरावतीच्या खोऱ्यात.

मग हे लोक एक समाज कसे? लग्नांमुळे. मुली देणारं कूळ ‘मायू’, घेणारं ‘दामा’. मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आतेच्या मुलीशी नाही. आपल्याकडे अनेक जातींत हेच वळण आहे, फक्त तिथे दिशा उलटवणं साफ वर्ज्य. ज्या घराकडून सून आणली, त्या घरात आपली लेक द्यायची नाही. या देवघेवीत भाषेची आडकाठी नसते. झाइवा नवरा आणि ल्हाओवो बायको एकाच चुलीपाशी आपापल्या भाषेत बोलतात, मुलं बापाशी बापाच्या आणि आईशी आईच्या भाषेत. मुलांची ‘आपली’ भाषा मात्र बापाची धरतात. म्हणून घरटी एकच भाषा विचारणारी पाहणी इथे फसते. कोण कुणाशी काय बोलतं, ते माणसागणिक विचारावं लागतं.

हे दुहेरीपण त्यांच्या सणाच्या नावातही आहे. चिनी चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या पंधराव्या दिवशी देहोंगमध्ये उंच रंगवलेल्या खांबांभोवती हजारो माणसं रांगेने नाचतात. पुढचे नर्तक धनेशाची चोच आणि पिसं लावलेली टोपी घालतात. या सणाचं चिनीतलं नाव ‘मुनाव झोंगगे’. त्यातला ‘मुनाव’ जिंगफॉचा आणि ‘झोंगगे’ झाइवाचा. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, सगळ्यांनी मिळून नाचायचं.

झाइवासाठी रोमन लिपी चीनमध्ये १९५७ साली ठरवली गेली. देहोंगचं सरकारी वृत्तपत्र पाच भाषांत निघत आलं आहे: चिनी, दाई, लिसू, जिंगपो आणि झाइवा. शेवटच्या दोन आवृत्त्या सरकारी हिशेबाने एकाच समाजाच्या.