तीन वर्षं जागच्या जागी

माझ्या डीमॅटमध्ये एक शेअर आहे, 2022 च्या दिवाळीत 112 ला घेतला आणि परवा 108 ला बंद झाला. मधे एकदा 140 ला जाऊन आला, एकदा 83 ला, पण दोन्ही वेळा मी काहीच केलं नाही. एफडी केली असती तर, हे वाक्य बायको आता पूर्ण पण करत नाही, नुसतं "एफडी" म्हणते आणि चहा ठेवायला जाते.

नाव सांगत नाही. दिवसाला जेमतेम दोन-अडीच हजार शेअर्स फिरतात, अशा शेअरचं नाव चारचौघात घ्यायचं नसतं, आणि कोणी वाचून घेतला आणि पडला तर शिव्या मला. धंदा एवढाच सांगतो की वीज मीटरच्या आत जी इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात ती आणि त्यातलं सॉफ्टवेअर बनवतात. केंद्राने 2021 मध्ये योजना आणली, देशभर 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचे, ते वाचून मी घेतला, म्हणजे माझा हिशोब अगदी सरळ होता की मीटर लागणार तर कार्डं लागणार. पण सरळ हिशोब बाजारात सगळ्यात उशिरा सुटतात, कारण यात मीटर बसवणारा ठेकेदार आधी खिशातले पैसे घालतो आणि वीज कंपनी त्याला दर मीटरमागे दर महिन्याला थोडे थोडे देते, मग त्याच्याकडून मीटरवाल्याला आणि मीटरवाल्याकडून माझ्या कार्डवाल्याला पैसे येईपर्यंत निम्मं वर्ष जातं.

त्यात 2024 ला महाराष्ट्रात या मीटरविरुद्ध आंदोलनं झाली आणि जूनमध्ये सरकारने सांगून टाकलं की घरगुती ग्राहकांकडे बसवणार नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसाला दहा मीटरविरोधी मेसेज यायचे, बायकोने निवेदनावर सही पण केली, आणि मी तिथे एक अंगठा दाखवून गुपचूप ॲप उघडून भाव बघायचो. 83 तेव्हाच आला होता.

मग विकत का नाही? कारण एकदा विकून बसलोय. 2019 ला केपीआयटी या पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचे दोन तुकडे झाले, आयटीचा धंदा बिर्लासॉफ्टकडे गेला आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा धंदा नवीन केपीआयटीत आला, एकाला एक शेअर मिळाला. एप्रिलमध्ये लिस्ट झाला, शंभरच्या आसपास. पुण्यात राहून, ओळखीतली निम्मी पोरं हिंजवडीत त्याच कामात असून, मी काही महिने बघितलं, हलत नाही म्हणून नव्वदीत काढून टाकला. मार्च 2020 मध्ये तो चाळिशीच्या खाली गेला तेव्हा काय शहाणपणा केला असं वाटलं होतं. 2024 मध्ये 1,800 च्या वर होता. कंपनी काय करतेय, ऑर्डरी कुणाच्या आहेत हे मी एकदाही बघितलं नव्हतं, फक्त भाव बघत होतो.

पण म्हणून नुसतं धरून बसायचं असंही नाही हो. आमच्या काकांकडे 2000 सालच्या लाटेत, दलाल केतन पारेख ज्यांचे भाव चढवायचा ते के-10 शेअर्स गाजत होते त्या काळात, घेतलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची कागदी सर्टिफिकेटं आहेत. कपाटात, लग्नाच्या शालूखाली. त्यांनीही थांबायचंच ठरवलं होतं, पंचवीसेक वर्षं थांबलेत, कंपनी कधीच गेली.

त्यामुळे मी भाव सोडून बाकीचं बघतो. मार्चची तिमाही सोडली तर रिझल्ट तिमाही संपल्यावर 45 दिवसांत द्यावा लागतो, आमची कंपनी बरोब्बर 45 व्या दिवशी रात्री टाकते, म्हणजे 14 ऑगस्टला लोक झेंडावंदनाची तयारी करतात आणि मी पीडीएफची वाट बघतो. नफा मी शेवटी बघतो. आधी येणी. मी घेतला तेव्हा विक्रीचे पैसे यायला 140 दिवस लागायचे, आता 95 वर आलंय. मग प्रमोटर, म्हणजे कंपनीचे मालक लोक. त्यांनी गेल्या वर्षी खुल्या बाजारातून थोडे शेअर्स घेतले, फार नाही, पण 83 ला घाबरलेलो मी होतो, ते नव्हते. कर्जासाठी त्यांनी गहाण ठेवलेला एकही शेअर नाही. ज्या तिमाहीत येणी परत वाढतील किंवा गहाणाच्या रकान्यात शून्याच्या जागी काही दिसेल त्या दिवशी विकणार, हे वहीत लिहून ठेवलंय, बायकोची सही घेऊन.

एजीएम, म्हणजे भागधारकांची वार्षिक सभा, ऑनलाइन असते, मी तिथे बोलायला स्पीकर म्हणून नाव दिलं होतं. आम्ही चारच जण, त्यातले दोघं डिव्हिडंड वाढवा म्हणून बोलले. मी येण्यांचं विचारलं तर चेअरमन साहेब, वय सत्तरीचं असेल, म्हणाले पैसे बुडत नाहीत, रखडतात. आणि माइक म्यूट करायला विसरून शेजारच्याला म्हणाले, "हे मागच्या वर्षी पण होते ना?"

होतो.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत, ऑर्डर बुकात सगळ्यात वरची बिड, म्हणजे घेणाऱ्याची बोली, 107.60 ला 35 शेअर्सची दिसतेय. ती माझीच आहे, सकाळपासून कोणी विकायला तयार नाही.