सावलीच्या पट्ट्या

१३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

आज सावली ६२ सेंटीमीटर भरली. काठी बरोबर एक मीटरची. नोव्हेंबरच्या २५ तारखेला याच काठीची दुपारची सावली ८१ होती, २२ डिसेंबरला ८९, भोगीच्या दिवशी ८३. प्रत्येक मापाएवढी वर्तमानपत्राची पट्टी कापून मुलांनी ती वर्गाच्या भिंतीवर उभी चिकटवली आहे, खाली तारीख. तिसरीतल्या ज्यांना अजून दशकाचा हातचा जड जातो, त्यांनाही भिंतीकडे बघून सांगता येतं की सावली आधी वाढली आणि आता आखडत चालली आहे.

आमची शाळा पुरंदर तालुक्यातली, द्विशिक्षकी. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. एरवी मला ती अडचण वाटते, पण या कामात तिचा फायदाच झाला. चौथीची मुलं पाठ्यपुस्तकात वाचलेलं ठामपणे सांगतात, आणि तिसरीची अजून तेवढी शहाणी झालेली नसल्यामुळे डोळ्यांना दिसतं ते बोलतात. ‘दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो?’ या प्रश्नावर चौथीतून एका सुरात ‘डोक्यावर!’ आलं. तेव्हा तिसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘पण बाई, जेवायला बसतो तेव्हा माझी सावली ताटाच्या पुढं जाते की.’

त्या वाक्यावरून हे सगळं सुरू झालं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ‘बघूया का?’ एवढंच विचारलं.

काठी रोवण्यातच पहिला दिवस गेला. ती सरळ उभी आहे हे कशावरून? एक जण म्हणाला उजवीकडे कललीय, दुसरा म्हणाला डावीकडे. गावातल्या एका गवंड्याचा मुलगा चौथीत आहे. दुसऱ्या दिवशी तो दप्तरातून वडिलांचा ओळंबा घेऊन आला आणि दोन बाजूंनी दोरी धरून त्याने काठी उभी करून दाखवली. वर्गात वाचताना अडखळणारा हा मुलगा त्या दिवसापासून काठीचा प्रमुख आहे. त्याची परवानगी घेतल्याशिवाय कोणी माप घेत नाही, आणि पावसाळ्यानंतरची भुसभुशीत माती रोज ठोकून घ्यायची असते हेही आम्हाला त्यानेच शिकवलं.

मग सावली नेमकी संपते कुठे, यावर भांडण. जमिनीवर सावलीचं टोक धारदार पडत नाही, पुसट पडतं. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात तो जवळपास अर्धा अंश जागा व्यापतो, त्यामुळे मीटरभर उंच काठीच्या सावलीचं टोक दीड-दोन सेंटीमीटर धूसर राहतं. मुलांना कारण माहीत नव्हतं, पण तीन गटांची तीन मापं आली: ८०, ८१, ८२. ‘बाई, खरं कोणाचं?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी ‘८१ बरोबर’ म्हणून टाकावं, तास संपवावा, हा मोह फार मोठा असतो, कारण आपल्याला वेळेचं ओझं असतं आणि पुढचा धडा वाट बघत असतो. मी गप्प राहिले. बऱ्याच वादानंतर त्यांनीच ठरवलं की पुसट भागाच्या मधोमध खूण करायची, सगळ्यांनी, नेहमी. सगळ्यांनी मिळून एक नियम केला आणि पाळला, हे मला त्या मापापेक्षा मोलाचं वाटतं.

हाताने करायचं विज्ञान म्हणजे साहित्य वाटणं, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे. मला तसं वाटत नाही. मी कितीतरी ‘कृती’ पाहिल्या आहेत, ज्यात मुलांच्या हातात मेणबत्ती असते, पेला असतो, आणि फळ्यावर निष्कर्ष आधीच लिहिलेला असतो. मुलं प्रयोग करत नाहीत, फळ्यावरच्या ओळीला हात जोडतात. पेला कोणत्याही कारणाने लवकर काढला, ज्योत विझलीच नाही, तरी वहीत ‘ज्योत विझली’ असंच उतरतं. त्या वहीत विज्ञान नाही, आज्ञापालन आहे. पुढे काय होणार हे ज्या मुलाला खरोखर माहीत नाही, त्याच्याच हाताला प्रयोगात जीव येतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने चालवला. तिथल्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग होते आणि प्रश्न होते. निष्कर्ष मुलांनी आपल्या निरीक्षणांवरून काढायचे. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवता येत असे, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. मुलांच्या शंकांना उत्तरं द्यायला ‘सवालीराम’ नावाचं पात्र होतं, त्याला पत्रं लिहायची. शेकडो शाळांत पसरलेला तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारी निर्णयाने बंद झाला. तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या साध्या शाळांत जे चाललं, ते आपल्या खोलीत चालणार नाही असं मी कसं म्हणू?

खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता टेल्कोच्या नोकरीतून वर्षभराची रजा काढून १९७८ मध्ये तिथेच गेले होते. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचे त्यांना तिथे सुचलं. डी.एड.ला असताना आम्हाला पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत नेलं होतं. तिथे मी त्या काड्यांचा त्रिकोण हाताने दाबून पाहिला. चौकोन लगेच कलला, त्रिकोण कलेना. छपराच्या कैचीत, पुलात, विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण का असतात हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण बोटांना कळलं ते त्या दिवशी.

आणि आपल्याकडे कितीतरी शाळांत विज्ञान पेटी कपाटात कुलूपबंद असते. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, भिंग फुटलं तर उत्तर कोण देणार? मुलांच्या हातात भिंग द्यायचं तर ते कधीतरी फुटणारच, आणि हे धरूनच नोंदवहीचे नियम व्हायला हवेत. तोवर काठी आणि दोरी बरी. तिची नोंद नाही.

दोरीवरून आठवलं, ते वर्तुळाचं. मुलांना वाटत होतं की सावली बरोबर बाराला सर्वांत आखूड होणार. बाराला खूण केली, नंतर बघतात तर सावली अजून आखडतेच आहे. मग नेमकी कधी? हे नुसत्या लांबीवरून सांगणं अवघड, कारण मध्यान्हाच्या दहा मिनिटं आधी आणि दहा मिनिटं नंतर फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, आणि आपलं टोक तर दोन सेंटीमीटर पुसट. इथे मी हात दिला. काठीला दोरी बांधून भोवती वर्तुळ काढायला सांगितलं: सावलीचं टोक आत शिरताना घड्याळ बघा, बाहेर पडताना पुन्हा बघा. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात, सूर्यसिद्धांतातही, शंकूभोवती, म्हणजे उभ्या काठीभोवती, वर्तुळ काढून याच रीतीने दिशा ठरवल्या आहेत. साधन द्यायला माझी हरकत नाही, नऊ वर्षांच्या मुलांनी सगळंच शून्यातून शोधावं असा माझा हट्ट नाही. उत्तर मात्र मी देत नाही.

नोव्हेंबरात टोक ११ वाजून २० मिनिटांनी आत आलं आणि १ वाजून २१ मिनिटांनी बाहेर गेलं. मधली वेळ काढायला मुलांनी घड्याळाचे काटे दोन्ही टोकांकडून एकेक मिनिट सरकवले. १२ वाजून साडेवीस मिनिटं. आज तेच केलं तर १२ वाजून ४८! वर्ग थक्क झाला. मीही थोडी थांबले, कारण पहिला भाग मला पाठ होता: आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं, आपण ७४ अंशांवर, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटांचा उशीर. पण तो उशीर वर्षभर सारखा राहत नाही, पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लांबट म्हणून मध्यान्ह मागेपुढे सरकतं, हे पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदाच मातीवर पाहत होते. मुलांचं मत असं पडलं की शाळेचं घड्याळ बिघडलंय. एका मुलीने सुचवलं, बाईंच्या मोबाईलवर ताडून बघू. ताडून बघितलं. घड्याळ ठीक होतं. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे आणि तो पुसायचा नाही असं ठरलं आहे.

भोगीच्या दिवसाचं लिहायचं राहिलं. ८९ ची पट्टी आणि ८३ ची पट्टी शेजारी लावल्यावर एक मुलगा अस्वस्थ झाला. ‘आजी म्हणते संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. पण सावली तर नाताळातच फिरली.’ दुसरा म्हणाला, म्हणजे आजी चुकली. त्यावर तो चिडला: ‘माझी आजी खोटं नाही बोलत!’ मला त्याचं फार बरं वाटलं, आणि जबाबदारीही वाटली. आजीचं म्हणणं कुठून तरी आलेलं आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ जवळपास एकाच दिवशी येत. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, त्याने साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो, म्हणून दोन्हींत आता तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय. हे चौथीला झेपणार नाही. मी एवढंच म्हटलं की आजीचं वाक्यही लिहा, आपलं मापही लिहा, कोणालाच खोडू नका. मापाने घरच्या माणसाला हरवायला शिकवणं हे मला शिकवायचं नाही.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींची काळजी वेगळी आहे. चौथीचे शेवटचे धडे राहिलेत आणि परीक्षा जवळ. त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे, आम्ही दोघांनी बसून आठवड्याचं नियोजन पुन्हा केलं. काठीला रोज वेळ लागत नाही, आठवड्यातून एक दुपार पुरते. लांबी मोजताना, वजाबाकी करताना, निरीक्षण लिहिताना गणित आणि भाषाही होतातच, पण मी हे काम त्या कारणासाठी करत नाही. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं बोलायला मुलांना भीती वाटू नये म्हणून करते.

आज पट्टी चिकटवून झाल्यावर ताटाच्या पुढे सावली पाहणारी तीच मुलगी म्हणाली, ‘बाई, अशीच आखडत गेली तर पट्टी संपेल का?’ आणि लगेच, ‘संपली की मग सावली दुसऱ्या अंगाला जाईल?’ काय प्रश्न विचारला! आपल्या गावात मे महिन्याच्या १३ तारखेच्या सुमारास ती संपते आणि नंतर जुलैच्या शेवटापर्यंत भरदुपारी दक्षिणेला पडते. मी जीभ आवरली. वर्गाचे दोन तट पडलेत, ‘संपेल’ आणि ‘थोडी तरी राहील’.

पण तेव्हा शाळेला सुट्टी. ‘मग आम्ही घरी करू,’ चौथीतून आवाज आला. ‘मी तर मामाकडे नाशिकला जाणार.’ ‘मी कोल्हापूरला.’ हे ऐकलं आणि मला राहवेना. कोल्हापूरला सावली आमच्या आधी आठवडाभर नाहीशी होईल, नाशिकला आठवडाभर नंतर. जूनमध्ये सगळे वह्या घेऊन येतील आणि तारखा जुळणार नाहीत, तेव्हा जो वाद होईल तो मला ऐकायचा आहे. चौथीची मुलं तोवर दुसऱ्या शाळेत पाचवीला गेलेली असतील, त्यांना शाळा उघडल्यावर एक दिवस बोलवावं लागेल. सोमवारी पालकांशी बोलते, आणि गवंडीदादांना विचारते की प्रत्येकाला एक, अशा सारख्या मापाच्या काठ्या कापून मिळतील का.