आठाचे झाले 2.3 : शेजारच्या देशातल्या एका सत्राचा माझा अनुभव

जर्मनीत मास्टर्स करताना एक सत्र इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून नेदरलँड्सला केलं. निवड, खोली, प्रवास, सगळं सुरळीत झालं. पासपोर्ट भारतीय असूनही वेगळा डच व्हिसा लागला नाही. जर्मनीच्या विद्यार्थी परवान्यावर अशा देवाणघेवाणीसाठी 360 दिवसांपर्यंत तिथे राहता येतं, फक्त यजमान विद्यापीठाने तसं आधी कळवावं लागतं.

अडलं ते परत आल्यावर, आमच्या परीक्षा विभागात.

डच गुण दहापैकी असतात. 5.5 ला पास, 9 क्वचित कुणाला, 10 जवळजवळ नाहीच. मला एका विषयात 8 पडले तेव्हा तिथल्या सरांनी वर्गाबाहेर थांबवून अभिनंदन केलं होतं. जर्मनीत क्रम उलटा: 1.0 सर्वोत्तम, 4.0 काठावर पास. विभागाने परदेशी गुण जर्मन गुणांत बदलायचं ‘बव्हेरियन सूत्र’ लावलं. दहातून 8 वजा केले, उरलेल्या 2 ला 4.5 ने (दहा वजा पासाचे 5.5) भागलं, तिनाने गुणलं, एक मिळवला. झाले 2.3! जिथे 9 सुद्धा सहसा देत नाहीत, तिथला 8 या हिशेबात मधल्या फळीत जाऊन बसतो. फार लागलं मला ते.

अर्ज केला. तीन आठवडे उत्तर नाही. मग एका ओळीचा ईमेल: नियम असाच आहे. प्रत्यक्ष गेले तर फाइल ज्यांच्याकडे, त्या बाई रजेवर. त्या परतल्यावर पुन्हा गेले आणि त्यांच्यासमोर गुणपत्रक उलटं केलं. मागच्या पानावर त्या विषयात किती टक्के मुलांना कोणते गुण मिळाले, त्याचा तक्ता छापलेला होता. तोवर कुणी पान उलटलंच नव्हतं. गुण अशा तक्त्यावरून बदलावेत, असं युरोपीय आयोगाची 2015 ची ईसीटीएस (युरोपची सामायिक क्रेडिट पद्धत) मार्गदर्शिका सांगते. तेही छापून नेलं होतं. नवव्या आठवड्यात 1.7 झाले. त्या संध्याकाळी आईला फोन करताना आवाज भरून आला.

जाणार असाल तर, तिथे कोणते विषय घेणार हे ठरवणाऱ्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवरच्या तीन सह्यांवर (तुमची आणि दोन्ही विद्यापीठांची) निर्धास्त होऊ नका. त्यात विषय आणि क्रेडिट असतात, गुण कसे बदलणार ते नसतं. ते निघण्याआधी ईमेलवर लेखी घ्या. तिथला 5 क्रेडिटचा विषय इथल्या 6 क्रेडिटच्या जागी चालेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि हो, डच वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीलाच भरतात. जर्मनीतले काही पेपर तेव्हाही चालू असतात. तारखा आधी ताडून पाहा.