बॉडी कुठली? आधी लेन्सेसना विचारते

शनिवार, रात्र

निकॉन डी७२०० हा कॅमेरा सोडून फुलफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) जायचं, हे पक्कं झालं. कारण काकांची २४ मिमी लेन्स. डी७२००च्या छोट्या सेन्सरवर ती ३६ मिमीसारखी दिसते, आणि वाड्याच्या चौकात भिंतीला पाठ टेकली तरी वरची गॅलरी फ्रेमबाहेरच राहते. एवढी सुरेख वाइड लेन्स हाताशी असून ती वाइड वापरताच येत नाही, याची मला मनापासून चुटपुट लागते.

लेन्सेस बदलायच्या नाहीत, हे आधीच ठरवलंय. तीनच आहेत: २४ मिमी एफ/२.८, १०५ मिमी एफ/२.५ (दोन्ही एआय-एस, म्हणजे निकॉनच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्सेस) आणि ८०-२०० एफ/२.८ डी. निकॉनचा एफ माउंट (बॉडीला लेन्स जोडायचा सांधा) १९५९चा, म्हणून इतक्या जुन्या लेन्सेस आजही चालतात. पण ‘चालतात’ म्हणजे नक्की काय काय चालतं, ते बॉडीगणिक बदलतं. मेगापिक्सेलचे तक्ते बघण्यापेक्षा मला हेच बघायचंय.

८०-२००मध्ये फोकसची मोटर नाही. बॉडीच्या माउंटवर एक बारीक स्क्रू बाहेर डोकावतो, तो लेन्सच्या खाचेत बसतो आणि बॉडीतली मोटर त्याला फिरवते. निकॉनच्या डी७५० या फुलफ्रेम डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) ही मोटर आहे. त्यांच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या झेड बॉडीत नाही, तिला या लेन्सेस जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. म्हणजे झेड घेतला की ८०-२०० मॅन्युअल झाली. दिवे घाटात पालखी चढत असताना, अंगावर येणाऱ्या दिंडीवर हाताने फोकस धरणं मला तरी जमण्यासारखं नाही.

एवढ्यावर डी७५० ठरायला हरकत नव्हती. सेकंडहँड स्वस्त मिळतो, आणि एआय-एसची ॲपर्चर रिंग (उजेड आत सोडणारं छिद्र लहानमोठं करणारी) त्याला कळते.

पण १०५ काय म्हणते?

रविवार

सकाळी १०५ घेऊन खिडकीशी बसले. फोकस रिंग अजून लोण्यासारखी फिरते, आतलं हूड सरकन बाहेर येतं. वारीतले म्हाताऱ्या माणसांचे माझे सगळे आवडते फोटो हिचे आहेत. एफ/२.५ला, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडून, जवळून चेहरा घेतला की डोळा धारदार आणि कान मऊ. म्हणूनच फोकस पापणीवर हवा, भुवईवर गेला तर फोटो वाया.

इथे डीएसएलआर कमी पडतो. त्याच्या फोकसिंग स्क्रीनवर इतक्या उघड्या ॲपर्चरला धारदार राहणारा पट्टा खरा किती अरुंद, ते दिसतच नाही. कडेला फोकसचा हिरवा ठिपका लागतो, पण तो निवडलेल्या फोकस पॉइंटपुरताच. झेडपैकीच झेड५च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र तोच डोळा मोठा करून बघता येतो, कुठेही, कॅमेरा डोळ्याला लावलेला असतानाच. शिवाय बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय. लेन्सची फोकल लेंग्थ मेनूत भरून ठेवली की या जुन्या लेन्सलाही ते तीन अक्षांवर मिळतं. देवळातल्या कीर्तनात, समईच्या उजेडात, मला त्याची फार गरज आहे.

झेडवर एआय-एसचं ॲपर्चर फोटोच्या माहितीत नोंदलं जात नाही, आणि रिंग फिरवली की ॲपर्चरची पाती खरोखरच मिटतात. त्यामुळे आधी उघड्यावर फोकस, मग रिंग हव्या त्या आकड्यावर. त्याची सवय होईल.

सोनीचाही विचार केला. एफ माउंट ते सेन्सर ४६.५ मिमी अंतर, सोनी ई माउंटचं १८. मधे अडॅप्टरला भरपूर जागा, साधी धातूची नळी पुरते. १०५ तिथेही छान चालेल. पण मेनू, बॅटऱ्या, सगळंच नवं. झेडचं अंतर १६ मिमी, आणि बॅटरीचा प्रकारही माझ्या ओळखीचा. सोनी बाद.

मग ८०-२००चं काय? ती डी७२००वरच राहील. त्याच्यात स्क्रूची मोटर आहे, आणि छोट्या सेन्सरवर तिची पोच ३०० मिमीसारखी होते, घाटात ते उलट बरंच. दोन बॉड्या खांद्यावर घेऊन चालायचं वजन मला चालेल, वारीत माणसं डोक्यावर तुळस घेऊन चालतात.

तेव्हा झेड५, सेकंडहँड, सोबत एफटीझेड. उरलेल्या पैशांतून ड्राय कॅबिनेट (लेन्सेस कोरड्या ठेवणारं कपाट), कारण २४च्या मागच्या काचेच्या कडेला बुरशीचा एक धागा दिसतोय आणि पावसाळा तोंडावर आलाय. शनिवारी मुंबईच्या बोरा बाजारात, कॅमेऱ्याच्या दुकानात जाताना १०५ बरोबर नेईन. दुकानातच लावून, एफ/२.५ला, दारातल्या माणसाच्या डोळ्यावर फोकस करून बघायचा. मगच पैसे.